मक्याच्या कणसाचं बूच

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं चौथीच्या वर्गाला श्वसनाचा धडा शिकवला. नाक-तोंड दाबून बसायला लावायची मी पोरांना. कोण किती आकडे टिकतो बघू! कोणी पंधरा, कोणी तीस, मग सगळा वर्ग लालबुंद होऊन फुसकन हसायचा. हे आधीच सांगून टाकते. पुढची हकीकत वाचून कोणी असं म्हणायला नको, की ह्या बाईला ठाऊक नसेल. ठाऊक होतं. चांगलं पाठ होतं.

आमची एक गाडी आहे. गाडी म्हणजे ट्रक. आमच्याकडे ट्रकला कोणी ट्रक म्हणत नाही. मुलगी पाळण्यात होती तेव्हा आमच्या ह्यांनी ती घेतली, तेव्हाही जुनीच होती. त्यानंतर दर हंगामाला ब्राह्मणपुरीच्या शिवारातला ऊस भरायचा आणि पुरुषोत्तमनगरला कारखान्यावर नेऊन रिकामा करायचा, हेच ह्यांचं जगणं. हंगाम संपला की गाडी आमच्या अंगणात निंबाखाली. अर्धं अंगण तिचं, उरलेल्या अर्ध्यात तुळस, पाण्याची टाकी, माझ्या वाळवणाच्या खाटा आणि मी.

गाडीचं कुठलंही काम ते बाहेर करू देत नसत. नट कुठला किती घट्ट हे त्यांच्या बोटांना कळायचं. रोज सकाळी चहाच्या आधी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढून उजेडात धरायची. ही त्यांची पूजा. मी एकदा विचारलं होतं, दुपारी ऊस टाकून आल्यावर का नाही बघत? तर मलाच शिकवायला लागले. गाडी रात्रभर थंड झालेली पाहिजे, सपाट जागेवर उभी पाहिजे, सगळं तेल खाली उतरलेलं पाहिजे, तरच पट्टी खरं सांगते. गरम इंजिनात आणि उतारावर पट्टी बघणारा माणूस ड्रायव्हरच नव्हे, असं त्यांचं ठाम मत.

आमची मुलगी त्या गाडीच्या केबिनमध्येच वाढली म्हणा ना. मी शाळेत, सासूबाई थकलेल्या, मग हे तिला सोबत घेऊन जायचे. सात वर्षांची असताना एकदा केबिनमधून उतरली ती जाहीर करतच, की माझ्या लग्नाला मी ह्याच गाडीत बसून जाणार आणि आप्पाच चालवणार. आप्पा म्हणजे हे. त्यांनी तिथल्या तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, "लई जासू, बेटा. मीच लई जासू." म्हणजे आमच्या अहिराणीत, मीच नेईन. सात वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द कोण लक्षात ठेवतं? ह्या दोघांनी ठेवला.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, स्कूटीवर फिरायला लागली. सोयरीक जुळली नंदुरबारच्या पलीकडच्या एका गावात, चांगली शेतीवाडी असलेलं घर. लग्न नवरदेवाच्या दारी लागणार होतं, म्हणजे आम्ही नवरीला घेऊन तिकडे जायचं. पाहुण्यांसाठी बस ठरली. नवरीसाठी माझ्या भाच्याने आपली पांढरी कार सजवून आणायचं कबूल केलं. तेव्हा बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला समजलं की आपलं काही खरं नाही.

"अहो, व्याही काय म्हणतील? नवरी उसाच्या गाडीतून उतरली?"

"उतरू दे ना," मुलगी म्हणाली. "आई, त्या पांढऱ्या गाडीमा तू बैस. मी आप्पासंगे येसू."

मी पुष्कळ आदळआपट केली. एका मतावर दोन मतं पडली आणि मी हरले. हरले म्हणजे गप्प बसले असं नव्हे. रोज एकदा तरी त्या गाडीचा उद्धार केल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नव्हती.

आता मूळ मुद्दा. त्या इंजिनाच्या कुशीतून एक नळी निघते आणि पुढच्या चाकामागे खाली तोंड करून लोंबते. इंजिन चालू असलं की तिच्यातून थोडी वाफ येते आणि अधूनमधून तेलाचा एखादा थेंब पडतो. तो थेंब माझ्या सारवलेल्या अंगणात पडायचा. वीस वर्षं मी सांगत होते, त्या नळीखाली एक डबा लटकवा. वीस वर्षं हे "लटकाडस" म्हणत होते. चैत्रात लग्नाचं वाळवण काढलं. शेजारच्या बायका बोलावून, ज्वारी भिजवून, दळून, शिजवून आम्ही दोन दिवस ज्वारीचे पापडासारखे बिबडे घातले. आमच्या खानदेशात बिबड्यांशिवाय लग्नाचं ताट उठत नाही. सगळ्या खाटा भरल्या, गोल गोल, एकसारखे, पाहात राहावं असे. आणि ह्यांनी गाडी सावलीत सरकवायची म्हणून चालू केली, एक्सलेटर दाबला, आणि त्या नळीने फर्रकन तोंड उघडलं. अकरा बिबड्यांवर काळे शिंतोडे! मी मोजले. अकरा!

माझं पित्त असं खवळलं की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून आपापल्या घरी गेल्या. हे मात्र हसत होते. "थेंब तर शे. अकरा बिबडे मी खाई लिसू." म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका वाटायला तळोद्याकडे निघून गेले.

मी काय केलं? दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं. त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. गाडीखाली वाकून ते त्या नळीच्या तोंडात बसवलं आणि वरवंट्याने दोन ठोके दिले. काय बसलं म्हणून सांगू, मापाने घेतल्यासारखं! वरून पॉलिथीन, वरून सुतळीचे पाच वेढे, आणि माझी गाठ. माझी गाठ म्हणजे वार्षिक परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांची गाठ, पंचायत समितीत कात्रीशिवाय कोणाला सुटलेली नाही. हात झटकले, चहा केला आणि विसरून गेले. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, कोरडं अंगण दिसलं की आपोआप कळेल, मग सांगू ऐटीत.

पुढचे तीन आठवडे गाडीला उसंत नव्हती. मांडवाचे बांबू आण, पाण्याच्या टाक्या आण, गहू दळून आण, भांडी आण. आणि अंगणात थेंब नाही! मी स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते.

मग एके दिवशी इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून तेल झिरपताना दिसलं. ह्यांनी नट आवळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ह्यांनी झाकण उघडलं, जुनं पॅकिंग खरवडून नवीन बसवलं. चार दिवस बरे गेले, तर आता इंजिनाच्या तोंडाकडून, पंख्याच्या पुलीमागून तेल यायला लागलं. पंख्याने ते असं उडवलं की रेडिएटर काळाकुट्ट. त्याच्या मागोमाग ती तेलाची पट्टी आपल्या जागेवरून वर उचलली जायला लागली. सकाळी दाबून बसवावी, गावात एक फेरी मारून यावं, तर पट्टी बोटभर वर आणि भोवती तेल. हे तेल ओतायचे, गाडी तेल बाहेर टाकायची.

लग्नाला चार दिवस उरले. घर पाहुण्यांनी भरलेलं. मला तर बोलायला आयतंच निमित्त. "म्हातारी झाली तुमची गाडी! आणि तुम्हीही. देवाने सुचवलंय, ऐका आता. पोरगी गाडीत बसेल आणि साडीवर तेलाची नक्षी घेऊन उतरेल!" पाहुण्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एरवी हे उलट बोलायचे, चिडवायचे. त्या दिवशी नाही. फडक्याने एकेक बोट पुसत राहिले आणि हळूच म्हणाले, "मन्हा हातले आते समजत नही."

मी तोंडातलं पुढचं वाक्य गिळलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पडला, तापाने फणफणला, एकदा उसाची मोळी पायावर पडून दोन महिने खाटेवर होता, पण असं कधी बोलला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी आणखी दोन जणींवर उगाच खेकसले.

शेवटी मीच मिस्तरीला फोन केला. शहाद्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे, मोठ्या गाड्यांचं. माझा विद्यार्थी. चाळिशी ओलांडली, टक्कल पडलं, पण मला बघितलं की अजून हात मागे घेऊन उभा राहतो. चौथीत मी त्याला दोनदा बसवला होता. ह्यांना आवडलं नाही, गाडीला दुसऱ्याचा हात लागणार म्हणून, पण तेही काही बोलले नाहीत. ते न बोलणंच मला खात होतं.

मिस्तरी सकाळी सातला आला. आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी डिझेल आणि ब्रशने सगळं इंजिन धुऊन काढलं, कोपरा न् कोपरा, मग कोरड्या फडक्याने पुसलं. "तेल कोठून येस ते आधी दिसाले पाहिजे, आप्पा," तो म्हणाला. "सगळं माखेल शे तर कोणले धरसूत?" मग माझ्याकडे वळला. "बाई, घरात पावडर आहे का? तोंडाला लावायची?"

मला वाटलं चेष्टा करतो. पण तो म्हणाला, कोरड्या इंजिनावर पावडर मारली की तेल जिथून फुटतं तिथून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. मी घरात जाऊन कोपऱ्यातला जुना अर्धा डबा शोधते आहे, तेवढ्यात मुलगी आपल्या लग्नाच्या पेटीतला नवा कोरा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर! "अगं, तो तुझा!" मी ओरडले. तोवर तिने झाकण उघडून इंजिनावर भुरभुर सुरूही केली होती. पाहुण्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. गुलाबाचा वास सगळ्या अंगणात. माझी मोठी नणंद म्हणाली, "नवरीना आगोदर गाडीनंच साजशृंगार व्हयना, माय!" आणि जो काही हशा पिकला! हेसुद्धा हसले, किती दिवसांनी.

मिस्तरीने गाडी चालू करायला लावली. आम्ही सगळे इंजिनाभोवती वाकून. आधी काही नाही. मग झाकणाच्या एका कडेला करडी रेघ. मग दुसऱ्या कडेला. मग पुलीमागे. मग पट्टीच्या भोवती ओलं कडं. पांढऱ्यावर चार ठिकाणी एकाच वेळी तेल फुटलेलं.

मिस्तरीने मान हलवली. "आप्पा, तुम्हना हातना काही दोष नही. पॅकिंग चांगलं बसाडेल शे. चार जागा एकदम खराब व्हतस का कधी? मझारथून जोर येई ऱ्हायना." म्हणजे आतून दाब येतोय. त्याने चालू इंजिनावरच तेल ओतायचं झाकण सैल केलं. भक्कन धूर आला आणि झाकण त्याच्या हातात थडथड उडायला लागलं. त्याने गाडी बंद करवली.

मग तो माझ्याकडे बघून, अगदी वर्गात उत्तर द्यावं तसं सांगू लागला. इंजिनाच्या पोटात हवा साठते. ती बाहेर जायला एक नळी असते. इंजिन तिच्यातून श्वास सोडतं. "बाई, तुम्हीच शिकवलं होतं ना, नाक-तोंड दाबलं तर काय होतं? तसंच. एक तर आत पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणून हवा फार होते. नाहीतर ती नळी बंद झाली."

"नळी नही," हे लगेच म्हणाले. "नळी मी दर हंगामले साफ करस. ती बंद व्हवावच नही."

"मग रिंगाच," मिस्तरी म्हणाला. त्याचा आवाज उतरला. रिंगा म्हणजे सगळं इंजिन उतरवायचं, धुळ्याला न्यायचं, पंधरा दिवस. ह्यांच्या शब्दावर त्याचा इतका विश्वास, की त्याने खाली वाकून बघितलंही नाही. हे उठले. खांद्यावरचं फडकं काढून केबिनमध्ये चढले आणि स्टिअरिंग पुसायला लागले. तिथूनच, आमच्याकडे न बघता म्हणाले, "भाच्याले सांगी द्या. पोर त्यान्हीच गाडीमा येई." मुलगी पावडरचा डबा हातात धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी चहाचं ताट घेऊन उभी होते. सगळ्या अंगणात एका माणसाला ठाऊक होतं की ती नळी बंद आहे, कशाने बंद आहे, आणि गाठ कोणती आहे. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. पांढरी कार येईल, व्याह्यांसमोर मान वर राहील, नळीतलं बूच दुपारी कोणी नसताना काढून टाकू. कोणाला काय कळणार? मी इतकी वर्षं त्या गाडीशी भांडत होते आणि आता जिंकले होते. समोर तो माणूस स्टिअरिंग पुसत होता. एकच जागा, पुन्हा पुन्हा.

"थांबा सगळे," मी म्हणाले. वर्गातला आवाज लागला माझा. "रिंगा-बिंगा काही गेलेल्या नाहीत. त्या नळीला मी बूच मारलंय."

केबिनमधलं फडकं थांबलं. मग मिस्तरीने विचारलं, "कशाचं, बाई?"

"मक्याच्या कणसाचं. वरून चिंधी, वरून पॉलिथीन, वरून सुतळी."

मिस्तरी पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज, "अरे बाप रे." मग बराच वेळ नुसतं घासाघाशी. मग पुन्हा, "बाई, गाठ सुटत नाहीये." मुलीने घरातून कात्री आणून दिली. त्याने सुतळी कापली, पक्कडीने कणीस धरलं, एक हिसका दिला, फट्ट आवाज आला, आणि पाठोपाठ नळीतून साचलेलं काळं तेल बदकन त्याच्या छातीवर. तो बाहेर आला तो शर्ट काळा, हातात कणीस, आणि हसून हसून त्याला उभं राहता येईना. "बाई, मला दोनदा चौथीत बसवलं तुम्ही! दोनदा!"

आता सगळं अंगण हसत होतं. नणंदेने तर ओट्यावर बसकणच मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी जिवात जीव आला, दोन्ही एकदमच. मी ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते केबिनमधून उतरले, कणीस हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. ते म्हणाले, "काय बसाडेल शे! माले बी इतलं फिट नही जमतं." आणि मग असे हसले की डोळे पुसावे लागले. माझाही बांध फुटला. हसता हसता मी त्यांना म्हणाले, "तुमच्या हाताला सगळं समजतं. ऐकलं का? सगळं समजतं." पाहुण्यांच्या देखत म्हणाले.

गाडी पुन्हा चालू केली. तेलाचं झाकण मिस्तरीने नुसतं तोंडावर ठेवलं, तर ते जागचं हललं नाही. पण तीन आठवडे कोंडलेल्या दाबाने पुलीमागचं रबरी ऑईल सील उलटं झालं होतं, वरचं पॅकिंगही सरकलं होतं. दोन्ही नवं पाहिजे. मिस्तरीने जुनं सील काढून फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, हाच नमुना दुकानात दाखवायचा, तोंडी सांगून चालणार नाही. कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने मुलीची स्कूटी काढली.

शहाद्यात सुट्या भागांचं दुकान आहे, मारवाडी शेठचं. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, शेठ माझ्याहून चांगली अहिराणी बोलतात. लग्नघरची कडक इस्त्रीची साडी नेसून मी काउंटरवर तेलकट सील ठेवलं. शेठने ते बोटाने दाबून पाहिलं. "बाई, हे तर उलटं झालं. आतून फार दाब आला असणार. कशाने?" मी म्हणाले, "मूर्खपणाने." शेठ सभ्य माणूस, पुढे विचारलं नाही. पण सील आणि पॅकिंग देताना हळूच म्हणाले, "नळी मोकळी ठेवा हां, बाई." मिस्तरीने फोन करून आधीच सांगितलं होतं, मेल्याने!

घरी आले तोवर रेडिएटर उतरवून पुली मोकळी केलेली होती. मिस्तरीने नवीन सील हातात घेतलं, त्याच्या कडेला बोटाने तेल लावलं, जागेपाशी नेलं आणि थांबला. मग ते ह्यांच्या पुढे धरलं. "आप्पा, तुम्हीच बसाडा. गाडी तुम्हनी शे." ह्यांनी गुडघे टेकले. लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके हलके ठोके दिले, कान लावून. सील सरळ आत गेलं. मी ओट्यावरून बघत होते. त्या हातांना काहीही झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मिस्तरीची त्याच्या दोन वर्षांबद्दल माफी मागितली असती, पण मागितली नाही. गणितात तो खरोखरच कच्चा होता.

ऊन उतरायच्या आत काम संपलं. पुन्हा धुणं, पुन्हा पुसणं, पुन्हा गुलाबाच्या वासाची पावडर. अर्धा तास गाडी चालू ठेवली, नंतर गावाबाहेर एक चक्कर मारून आणली. झाकण पांढरं, पुली पांढरी, पट्टी जागेवर. मुलीने बोट फिरवून पाहिलं आणि तेच बोट माझ्या गालावर पुसलं. पावडरचा डबा संपला होता. ह्यांनी तो उचलला, वरच्या कडेला दोन भोकं पाडली, तारेने नळीखाली असा टांगला की थेंब आत पडावा आणि हवेला चारी बाजूंनी वाट राहावी. वीस वर्षांनी डबा लागला. पत्र्यावर गुलाबाचं चित्र.

हळदीच्या दिवशी मुलीला लावून उरलेली हळद ह्यांनी चिमूटभर गाडीच्या नाकावर लावली. लग्नाच्या सकाळी पाहुणे बसमध्ये बसले. भाच्याची पांढरी कार मोकळीच पुढे गेली, तिच्यात मिठाईच्या टोपल्या. केबिनमध्ये हे, मध्ये नवरी, कडेला मी. हो, मीही! शालू सावरत पायरी चढताना दोघांनी मला खेचून वर घेतलं. गाडीला आंब्याची पानं, झेंडू, आरशाला लाल गोंडा. वाटेत प्रत्येक गावात पोरं ओरडत धावायची आणि हे हॉर्न वाजवायचे, ज्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या तो हॉर्न. मुलगी दोन्ही बाजूंना हात हलवत होती. नवरदेवाच्या दारी उतरलो तेव्हा मी आधी मुलीच्या साडीवर तेल लागलंय का ते बघितलं. व्याही पुढे आले, पागोटं बांधलेले, आणि नवरीचं स्वागत करायच्या आधी गाडीच्या बोनेटवर हात ठेवून ह्यांना म्हणाले, "काय राखी शे हो गाडी!" इतकंच. मी उगाच इतके दिवस रक्त आटवलं.

लग्न लागलं, जेवणं झाली. बिबडे संपले, ते अकरा सोडून. ते खरोखरच ह्यांनी आधीच खाल्ले होते. उन्हं कलताना आमची निघायची वेळ झाली. मुलगी दारात उभी राहिली. जायचं आम्हाला होतं, ती तिथेच राहणार होती, आणि हे इतकं साधं त्या वेळपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "डबा रिकामा करत राहा, आई." मी म्हणाले, "करते." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सात वर्षांची होती तेव्हा ठेवला होता तसा, आणि वर चढून गाडी सुरू केली.

बस पुढे निघून गेली. केबिनमध्ये आम्ही दोघंच, मधल्या जागेवर झेंडूची फुलं सांडलेली. नंदुरबार मागे पडलं. प्रकाशा गावच्या पुलाच्या अलीकडे, रस्ता तापीकडे उतरतो तिथे, ह्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तेल देखस," ते म्हणाले आणि उतरले.

इंजिन धडधडत गरम, रस्ता उताराचा. त्यांनी बोनेट उघडलं. मला ते दिसेनासे झाले. मी थोडा वेळ थांबले, मग उतरून पुढे गेले. त्यांनी पट्टी काढली होती, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. पुन्हा पुसली. चारदा, पाचदा. बोनेटच्या आडोशाला उभं राहून ते रडत होते, आवाज न करता, आणि पट्टीकडे बघत होते.

मी शाळामास्तरीण. चुकीचं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. पण त्या दिवशी मी काही सांगितलं नाही. शालूच्या पदराने त्यांचे डोळे पुसले, मग माझे पुसले.

"बरोबर शे का तेल?" मी विचारलं.

"बरोबर शे," ते म्हणाले आणि पट्टी पुन्हा आत घातली.